सहीआधीचे १४ दिवस : फ्रँचायझी करारांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी वारसा, सोसायटी, नॉमिनेशन वगैरे नेहमीची पत्रं पुढच्या अंकावर ढकललीयेत, रागावू नका. गेल्या अंकात दुकानाच्या भाडेकराराबद्दल लिहिताना मी ओझरतं म्हटलं होतं की फ्रँचायझी घेणाऱ्याने (म्हणजे पैसे देऊन एखाद्या कंपनीच्या नावाने आणि तिच्या पद्धतीने दुकान चालवणाऱ्याने) भाडेकरार आणि फ्रँचायझीचा करार शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, आणि त्या एका वाक्यावरून जी पत्रं आली ती वाचून दोन रात्री धड झोप लागली नाही. रिटायरमेंटचे पैसे, गहाण ठेवलेलं सोनं, भावाभावांत अबोला. म्हणून हे आख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं छापत नाहीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : ताई, मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, ग्रीन कार्ड आहे. नोकरी गेल्यापासून सँडविचच्या एका कंपनीची फ्रँचायझी घ्यायचं त्याच्या डोक्यात बसलंय. कंपनी टेक्सासची. त्यांनी ३०० पानांचं डॉक्युमेंट पाठवलंय, ते त्याने अजून उघडलेलंही नाही. त्याचा मित्र म्हणतो अमेरिकेत कायदे कडक असतात, काळजी नको. आम्ही मुलुंडचा आमचा दुसरा छोटा फ्लॅट विकून त्याला पैसे पाठवायचं म्हणतोय. यांचं वय ७१. काय करावं?

उत्तर : काकू, फ्लॅटचं टोकन घेतलं नसेल तर थांबा, आधी हे वाचा.

मित्राचं अर्धं खरं आहे. अमेरिकेत या विषयावर कायदे आहेत. पण ते सगळ्या देशाला एकसारखे नाहीत, दोन मजले आहेत, खालचा केंद्राचा आणि वरचा राज्याचा, आणि वरचा मजला कुठे पक्का बांधलाय, कुठे नुसत्या विटा आणून ठेवल्यात, तर कुठे काहीच नाही.

केंद्राचा नियम फेडरल ट्रेड कमिशनचा. १९७९ पासून लागू आहे, २००७ साली नव्याने लिहिला गेला. त्यात एकच गोष्ट मोठी आहे, ती म्हणजे सही किंवा पैसे यातलं जे आधी होईल त्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने सगळी माहिती लेखी हातात द्यायची. तुमच्या मुलाकडे पडलेलं ३०० पानी प्रकरण तेच. त्यात ठरलेल्या क्रमाने २३ मुद्दे असतात. तिसऱ्यात कंपनीवरचे खटले, सातव्यात सुरुवातीचा एकूण खर्च, बाराव्यात आपल्यापुरता राखीव एरिया मिळतो की नाही, सतराव्यात करार कसा संपतो, एकोणिसाव्यात कमाईचे आकडे (हे देणं सक्तीचं नाही, आणि तिथे आकडा नसेल तर सेल्सवाल्याने तोंडी सांगितलेला आकडा कानाआड करायचा) आणि विसाव्यात आत्ताचे फ्रँचायझीवाले आणि गेल्या वर्षात सोडून गेलेले, संपर्कासकट. त्याला म्हणावं, बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल पण विसावा मुद्दा उघड आणि सोडून गेलेल्यांपैकी निदान दहा जणांना फोन कर. तिथले लोक मोकळेपणाने बोलतात असं माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाने सांगितलंय.

पण या नियमाची मेख कळली पाहिजे. कंपनीने तो मोडला तर कारवाई कमिशन करणार, मुलाला त्या नियमाच्या जोरावर स्वतः कोर्टात जाता येत नाही. शिवाय हा नियम सही होईपर्यंतचा. सही झाल्यावर कंपनी कशी वागते, करार कधी तोडते, शेजारी दुसरं दुकान टाकते का, यावर तो गप्प आहे. राज्यांचे कायदे आले ते इथे. पहिला कॅलिफोर्नियाचा, १९७१ पासून लागू. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मेरीलँड, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत कंपनीला विक्री सुरू करण्याआधी आपलं डॉक्युमेंट राज्याकडे रजिस्टर करावं लागतं, आणि खोटं सांगून गळ्यात मारलं तर घेणाऱ्याला स्वतः दावा करता येतो.

न्यू जर्सीत असं रजिस्ट्रेशन नाही. म्हणजे मुलाच्या हातातले कागद राज्याच्या कुठल्याही माणसाने तपासलेले नाहीत, हे डोक्यात पक्कं असू द्या. (जिथे रजिस्ट्रेशन आहे तिथेही सरकार धंदा चांगला आहे असं सर्टिफिकेट देत नाही, कागद पुरे आहेत का एवढंच बघतं.) मात्र सही झाल्यानंतरच्या बाबतीत न्यू जर्सी खूप भक्कम आहे. तिथला फ्रँचायझी प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट १९७१ चा. तो म्हणतो की कंपनीला सबळ कारणाशिवाय करार तोडता येणार नाही, मुदत संपल्यावर नूतनीकरणही नाकारता येणार नाही, आणि सबळ कारण म्हणजे फक्त फ्रँचायझीवाल्याने करारातल्या गोष्टी बऱ्याच अंशी पाळल्या नाहीत हे. आमची स्ट्रॅटेजी बदलली, आम्हाला ते लोकेशन स्वतःला हवंय, ही कारणं तिथे चालत नाहीत. कारणं लिहून ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दुकान सोडून निघून गेलात तर मुदत १५ दिवसांवर येते, आणि धंद्याशी संबंधित गुन्ह्यात शिक्षा झाली तर ताबडतोब. फ्रँचायझीवाल्यांना आपसात संघटना करायला कंपनी मनाई करू शकत नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, सही करतानाच या कायद्याखालचे हक्क मी सोडतो असं लिहून घ्यायला बंदी आहे. दावा जिंकला तर वकिलाची वाजवी फीसुद्धा कंपनीकडून मिळते.

हे सगळं मिळायला अटी आहेत. धंद्याची जागा न्यू जर्सीत हवी, स्वतःच्या घरातून किंवा गाडीवरून चालणाऱ्या धंद्याला अडचण येते. कंपनी आणि त्याच्यातला वर्षाचा व्यवहार ३५,००० डॉलरच्या वर हवा, आणि त्याच्या एकूण विक्रीतला २० टक्क्यांहून जास्त भाग त्या फ्रँचायझीतून यायला हवा. सँडविचच्या दुकानाला हे बहुतेक जमेल, तरी तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या.

आता टेक्सास. भांडण झालं तर आमच्या गावच्या कोर्टात या, असं करारात असणारच. १९८५ साली बर्गर किंगच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मिशिगनच्या फ्रँचायझीवाल्यावर कंपनीने फ्लोरिडात केलेला दावा चालू दिला होता, दीडदोन हजार किलोमीटर लांब. त्यावर उपाय म्हणून काही राज्यांनी असं कलमच बाद ठरवलं. इलिनॉयच्या कायद्यात ते थेट लिहिलंय, आणि न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ साली सांगितलं की फ्रँचायझी करारातलं बाहेरच्या कोर्टाचं कलम आधी बेकायदा धरूनच चालायचं, ते टिकवायचं ओझं कंपनीवर. पण करारात लवाद असेल, म्हणजे आर्बिट्रेशन, कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाकडे निवाडा, तर मात्र केंद्राचा कायदा राज्याच्या डोक्यावर बसतो, हे १९८४ च्या सेव्हन-इलेव्हनवाल्यांच्या खटल्यापासून ठरलेलं आहे. म्हणून मुलाला पहिला प्रश्न विचारा, लवाद आहे का आणि असेल तर कुठे बसणार.

आणखी एक. डॉक्युमेंटच्या मागे वेगवेगळ्या राज्यांची पुरवणी पानं असतात, मिनेसोटासाठी हे बदललं, मेरीलँडसाठी ते. न्यू जर्सी रजिस्ट्रेशनचं राज्य नसल्यामुळे त्याचं पान बहुतेक नसेल. म्हणून कायदा लागू नाही असं समजू नका, कायदा पानावर अवलंबून नाही.

पैशाचं म्हणाल तर भारतातून माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, टॅक्सचं तुमच्या सीएला विचारा. पण काकू, मोकळं बोलू का, कंपनी मुलाकडून आणि सूनबाईकडून वैयक्तिक हमी मागेल, म्हणजे दुकान बुडालं तर त्यांचं राहतं घरसुद्धा धोक्यात येतं. त्यात तुमच्या म्हातारपणाचा फ्लॅटही गेला तर मागे काहीच उरत नाही. कायदा कितीही चांगला असला तरी तो न चालणारं दुकान चालवून देत नाही. मी तुमच्या जागी असते तर फ्लॅट ठेवला असता आणि त्याला आधी तिथल्या फ्रँचायझी वकिलाच्या फीपुरते पैसे पाठवले असते.

प्रश्न : मॅडम मी लालबागला चहाच्या एका ब्रँडचं आउटलेट चालवतो, दोन वर्षं झाली. ५ लाख फी, २ लाख डिपॉझिट दिलं. चहा पावडर, मसाला, कप सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं, आणि तोच कप मस्जिद बंदरला जवळपास निम्म्या भावात मिळतो. आता ३०० मीटरवर त्यांनीच दुसऱ्याला आउटलेट दिलं, माझा गल्ला पडला, दोन महिने रॉयल्टी (ब्रँड वापरायचा हप्ता) थकली तर १५ दिवसांत करार रद्द आणि डिपॉझिट जप्त अशी ईमेल आलीय. घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाले होते दिवसाला १५,००० चा धंदा कुठे गेला नाही. आपल्याकडे फ्रँचायझीचा काही कायदा आहे का नाही?

उत्तर : दादा, नाही. ना केंद्राचा ना महाराष्ट्राचा. मला हे लिहायला प्रत्येक वेळी त्रास होतो, कारण तुमच्या पत्रातली एकेक तक्रार घेतली तर कुठल्या ना कुठल्या अमेरिकन राज्याने तिच्यावर कायदा करून ठेवलाय. कंपनीने आपला माल वाजवीपेक्षा जास्त भावात फ्रँचायझीच्या माथी मारायचा नाही, हे वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात लिहिलेलं आहे. शेजारी दुसरं आउटलेट टाकून जुन्याचा धंदा खायचा, यावर आयोवाने १९९२ च्या कायद्यात तरतूद केली. विस्कॉन्सिनमध्ये १९७४ पासून ९० दिवसांची नोटीस आणि त्यातले ६० दिवस चूक सुधारायला, पैसे थकले असतील तर १० दिवस. तुमची भानगड थकबाकीची आहे म्हणजे तिथेही घाई झाली असती, पण नोटिशीत कारण लिहून, पैसे भरले की नोटीस रद्द, अशी. आणि कॅलिफोर्नियात २०१६ पासून करार तोडल्यावर कंपनीच्या सांगण्यावरून घेतलेला माल, मशिनरी, फर्निचर कंपनीने घसारा वजा करून विकत घ्यायचं, थोडे अपवाद सोडून.

हे शेवटचं वाचताना मला दरवेळी डोंबिवलीचं एक जोडपं आठवतं. आइस्क्रीम पार्लर होतं त्यांचं, कंपनीचं नाव सांगत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आली आणि सोमवारी सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि बोर्ड उतरवून घेऊन गेली. मी गेले तेव्हा भिंतीत बोल्टची चार भोकं होती, भोवती चौकोनी पांढरी जागा, आणि आत दोन डीप फ्रीजर चालू. माल कंपनी परत घेत नव्हती, ब्रँडच्या डब्यात असल्यामुळे विकताही येत नव्हता, आणि लाइट बिल चालू. तिसऱ्या दिवशी त्या वहिनींनी चाळीतल्या पोरांना घरून वाट्या आणायला सांगितलं आणि सगळं वाढून टाकलं. पोरं खूश होती. वहिनी हातातला स्कूप पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत होत्या आणि कोणाकडे बघत नव्हत्या. करारात माल परत घेण्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि आपल्याकडे करारात नाही म्हणजे नाही.

आता तुमचं. वेगळा कायदा नसला तरी हात अगदीच रिकामे नाहीत. आधी करारात एरियाचं कलम बघा, एक्सक्लुझिव्ह असा शब्द आहे का आणि अंतर लिहिलंय का. असेल तर ३०० मीटरवरचं आउटलेट हा त्यांनी केलेला करारभंग, आणि तुमची थकबाकी त्याच्यामुळे झाली असं उत्तर देता येतं. नसेल तर ही बाजू लंगडी. मग व्हॉट्सअ‍ॅप. खोटी माहिती देऊन संमती घेतली असेल तर भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ ते १९ खाली करार रद्द करता येतो, पण "धंदा होईल" ही नुसती आशा आणि "आमच्या परळच्या आउटलेटला इतका होतो" हे विधान यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसरं खोटं निघालं तर ते पकडता येतं. तो चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोन विकू नका, फॉरमॅट तर अजिबात करू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं.

डिपॉझिट जप्तीसाठी करार कायद्याचंच कलम ७४. करारात आकडा लिहिला म्हणून तो आख्खा खिशात घालता येत नाही, वाजवी भरपाई तेवढीच, आणि २०१५ साली डीडीएच्या (दिल्ली विकास प्राधिकरणाच्या) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असताना नुकसानच झालं नसेल तर जप्ती नाही. दोन महिन्यांची रॉयल्टी किती आणि डिपॉझिट किती, हिशोब मांडा, तिथे तुमची बाजू चांगली आहे.

कपांच्या भावावरून लोक मला स्पर्धा कायद्याचं विचारतात. कलम ३(४) मध्ये अशी सक्ती येते, पण तिचा बाजारातल्या स्पर्धेवर मोठा वाईट परिणाम होतो हे दाखवावं लागतं आणि एका चहाच्या ब्रँडवर ते दाखवणं फार कठीण, त्यात वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि करार चालूच ठेवा असा हुकूम मिळवणं आपल्याकडे अवघड. करारात इतक्या दिवसांच्या नोटिशीवर कोणीही करार संपवू शकतो असं असेल तर कोर्ट सहसा तो जिवंत ठेवत नाही, १९९१ साली गॅस एजन्सीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने भरपाईसुद्धा ३० दिवसांच्या नोटिशीपुरतीच धरली होती. न्यू जर्सीच्या काकूंचं उत्तर वर वाचलंत ना, फरक कळेल.

म्हणून या आठवड्यात काय करायचं ते सांगते. थकलेली रॉयल्टी हक्क राखून भरतोय असं लिहून भरून टाका, म्हणजे त्यांच्या हातातलं कारणच जातं. ईमेलला ईमेलनेच उत्तर द्या, फोनवर भांडू नका. फ्रँचायझी करार हा व्यावसायिक न्यायालयाच्या २०१५ च्या कायद्यात नाव घेऊन लिहिलेला प्रकार आहे, दावा ३ लाखांपासून पुढचा असला की तिथे जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तीन महिन्यांत निकाली काढायची असते, आणि खरं सांगते, डिपॉझिटचे पैसे परत मिळाल्याचं मी जास्त वेळा तिथे बघितलंय.

प्रश्न : भांडुपला माझं प्री-स्कूल होतं, एका मोठ्या नावाच्या फ्रँचायझीचं. ५ वर्षांचा करार मार्चमध्ये संपला, मी वाढवला नाही. आता त्यांचं म्हणणं पुढची ३ वर्षं ५ किलोमीटरच्या आत मला बालवाडी काढता येणार नाही. पालक विचारतायत, ताई नवीन नावाने काढा. काढू का?

उत्तर : काढा. करार संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ ने बाद ठरते, इथे आपला दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांपेक्षा उदार आहे (कॅलिफोर्नियासारखी थोडी राज्यं आपल्यासारखी). करार चालू असतानाची बंदी मात्र वैध असते, १९९५ च्या गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या खटल्यात तेच ठरलं, म्हणून नव्या शाळेचं मार्चच्या आधीचं काही नको, म्हणजे फेब्रुवारीतल्या तारखेची पत्रकं, अ‍ॅडमिशनच्या पावत्या असलं काही निघायला नको. आणि त्यांचं नाव, लोगो, भिंतीवरची चित्रं, वर्कबुकं, त्यांनी बनवलेली बडबडगीतं, यातलं काहीही ठेवायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या पालक ग्रुपचं नाव आणि गुगलवरचं लोकेशनसुद्धा बदला, तिथेच लोक पकडले जातात.

प्रश्न : आमच्या सलूनच्या फ्रँचायझी करारात लिहिलंय की वाद झाला तर कंपनीचे एमडी एकच लवाद नेमतील आणि सुनावणी गुरुग्रामला होईल. आम्ही माहीमचे. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : अर्धं नाही, अर्धं आहे. ज्याचा वाद आहे त्यानेच एकट्याने लवाद नेमायचा हे सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून चालत नाही. त्यांनी नाव पाठवलं तर लेखी हरकत घ्या, तेही लगेच, आणि चुकूनसुद्धा "आमची हरकत नाही" असं ईमेलवर लिहू नका, कारण वाद सुरू झाल्यावर लेखी संमती दिली तर तीच धरली जाते. एकमत झालं नाही तर लवाद कायद्याच्या कलम ११ खाली हायकोर्ट लवाद नेमतं. गुरुग्रामचं मात्र टिकतं. करारात ती लवादाची सीट, म्हणजे कायदेशीर ठिकाण, म्हणून लिहिली असेल तर कोर्टही तिकडचंच. सुनावणी ऑनलाइन घ्या असं पहिल्याच तारखेला मागा, बरेच लवाद आता ऐकतात.

प्रश्न : ताई, बाबा बेस्टमधून रिटायर झालेत. पीएफच्या पैशांतून बोरिवलीला पिझ्झाची फ्रँचायझी घ्यायची ठरवलीय. कंपनीचा माणूस म्हणतो शनिवारपर्यंत सही करा नाहीतर एरिया दुसऱ्याला जाईल. करार ४२ पानी, इंग्रजीत. बाबांनी सिक्युरिटी म्हणून सही केलेला कोरा चेक आधीच दिलाय. मी बारावीला इंग्रजी मीडियमला आहे, मी वाचून दाखवू शकते, काय बघू?

उत्तर : बाळा, तू हे पत्र लिहिलंस हे फार बरं केलंस.

शनिवारी सही करायची नाही. अमेरिकेत १४ दिवस कायद्याने मिळतात, इथे ते आपणच घ्यायचे, आणि १४ दिवस थांबल्याने जाणारा एरिया जाऊ दे. त्या दिवसांत तू आणि बाबा दोघं कंपनीच्या निदान चार दुकानांत जाऊन बसा, वसई-विरारपासून इकडे मालाडपर्यंत, त्यातलं एक बंद पडलेलं असायला हवं, आणि तिथल्या मालकाला चहा पाजून विचारा की महिन्याला माल कितीचा उचलावा लागतो. कंपनीला ईमेल करा की गेल्या तीन वर्षांत बंद झालेल्या आउटलेटची यादी द्या. देणार नाहीत कदाचित, पण नाही म्हणतात ते लेखी राहतं.

वाचताना पेन्सिल घेऊन बस. कुठे "कंपनीच्या मर्जीनुसार" असा अर्थ निघतो तिथे खूण कर, त्या खुणा मोजल्यास की करार किती एकतर्फी आहे ते बाबांना वेगळं समजवावं लागणार नाही. मग ज्या गोष्टी अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यात आहेत आणि आपल्याकडे नाहीत त्या करारातच लिहून मागायच्या, की कारण लिहून ६० दिवसांची नोटीस आणि तेवढ्यात चूक सुधारायची संधी, दुकानापासून मीटरमध्ये मोजलेलं अंतर जिथे ते दुसरं आउटलेट देणार नाहीत, करार संपला तर उरलेला माल आणि ओव्हन त्यांनी ठरलेल्या घसाऱ्याने परत घ्यायचे, मालाचा भाव वर्षाला अमुक टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही, आणि वाद मुंबईत. सगळं मिळणार नाही. दोन गोष्टी मिळाल्या तरी बाबांच्या पैशांना कुंपण पडतं, आणि एकही द्यायला तयार नसतील तर पुढे पाच वर्षं ते कसे वागणार हे आजच कळलं. फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो का आत धरलाय ते विचार. गाळ्याचा लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर असायलाच हवा, आणि त्याची मुदत ३ वर्षं आणि फ्रँचायझीचा लॉक-इन (मधेच सोडता न येणारी मुदत) ५ वर्षं असलं काही असेल तर मला पुन्हा लिही.

पण हे सगळं नंतर. आधी तो चेक. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सही करून कोरा चेक स्वतःहून दिला आणि समोरच्याने त्यात रक्कम भरली, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असंच कायदा आधी धरून चालतो, उलट सिद्ध करायचं ओझं चेक देणाऱ्यावर. चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्याचं कलम १३८, ती फौजदारी केस. अजून करारच झालेला नाही म्हणजे बाबांचं कंपनीला एक रुपयाचंही देणं नाही. तेव्हा आज रात्रीच बाबांच्या ईमेलवरून लिही, चेक नंबर घालून, की करारावर सही झालेली नाही, कुठलंही देणं नाही, हा चेक वापरू नये आणि सात दिवसांत परत करावा. फोनवर "हो हो देतो" म्हणाले तर ऐकू नकोस, लेखी उत्तर माग. सात दिवसांत नाही आला तर बाबांना घेऊन बँकेत जा, त्या नंबरच्या चेकचं पेमेंट थांबवायचा अर्ज द्या, आणि अर्जाच्या कॉपीवर बँकेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.